युरिया सेंद्रिय कसा काय? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या महिन्यात मी सहज लिहून गेले की दहावीच्या विज्ञानातला 'कार्बनी संयुगे' हा धडा मुलांच्या आधी घरातल्या मोठ्यांनी वाचावा, कारण तो सगळा आपल्या स्वयंपाकघरात आणि शेतातच भरलाय. झालं, प्रश्नांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमणार नाही, काही प्रश्न एकात एक मिसळलेत, काही दोन ओळींत उरकलेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, मी बारामती तालुक्यातला ऊस बागायतदार. मुलीच्या पुस्तकात युरिया हे सेंद्रिय संयुग आहे असं लिहिलंय. आम्ही तर युरियाला रासायनिक खत म्हणतो आणि शेणखताला सेंद्रिय. मुलगी म्हणते पुस्तक बरोबर, मी म्हणतो पुस्तक शेतावर आलेलं नाही. कोण बरोबर?

उत्तर: दोघंही बरोबर, भांडण मिटवा. गोंधळ शब्दाचा आहे. सेंद्रिय म्हणजे ज्याला इंद्रियं आहेत त्याचं, म्हणजे जिवंत शरीरातून आलेलं. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले रसायनवाले असंच मानायचे की साखर, तेल, लघवीतला युरिया असले पदार्थ फक्त जिवाच्या आत तयार होतात, त्यासाठी कुठलीतरी 'जीवनशक्ती' लागते, प्रयोगशाळेच्या काचेच्या भांड्यात ते होणे नाही. स्वीडनचा बर्झेलियस हा त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस, तोही याच मताचा. मग 1828 साली त्याचाच शिष्य फ्रेडरिक व्होलर (पुस्तकात वोहलर लिहितात) अमोनियम सायनेट नावाचा क्षार बनवायला बसला, जो पूर्ण खनिज प्रकारातला, आणि हाती आले वेगळेच पांढरे खडे. तपासले तर तो युरिया! त्यानं गुरूला पत्रातून कळवलं की मला आता मूत्रपिंडाशिवाय युरिया बनवता येतो, ना माणसाचं लागतं ना कुत्र्याचं. जीवनशक्तीची कल्पना काही त्या एका दिवसात मेली नाही हां, पुस्तकं तसं लिहितात खरं, पण 1845 मध्ये जर्मनीच्या कोल्बेनं असेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल सुरुवातीपासून बनवून दाखवलं तोवर ती चांगलीच लंगडायला लागली होती.

तेव्हापासून रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, मग ती गाईच्या पोटात बनोत नाहीतर कारखान्यात. (कार्बन डायऑक्साइड, चुनखडी, खाण्याचा सोडा यांना परंपरेनं बाहेर ठेवलंय, त्यात तर्क कमी आणि सवय जास्त.) शेतीत मात्र सेंद्रिय म्हणजे ते कुठून आलं त्यावरून, जुन्या अर्थानंच. म्हणजे ज्या पदार्थानं तो जुना अर्थ मोडला तोच युरिया आज शेतात 'रासायनिक' म्हणून ओळखला जातो, मला याचं दरवेळी हसू येतं.

आता तुमच्या कामाचं. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायूतल्या मिथेनपासून हायड्रोजन काढतात, त्याचा हवेतल्या नायट्रोजनशी अमोनिया करतात, आणि मिथेनमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्याच अमोनियाशी दाबाखाली जोडून युरिया. माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम युरिया जातो तो आणि हा, रेणू एकच, दोघांना शेजारी ठेवलं तर कुठला कुणाचा हे साध्या तपासणीत कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्या 45 किलोच्या निमकोटेड गोणीत 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे वीस किलोच्या थोडा वर.

मग शेणखत कशाला? तर माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असा रकाना असतो बघा, कर्ब म्हणजे कार्बनच. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असला की जमीन कर्बात कमी समजतात. युरियातही कार्बन आहे की, मग गोण टाकून कर्ब का वाढत नाही? कारण युरियाच्या रेणूत कार्बनचा अणू एकच, मातीतले जीवाणू तो रेणू फोडतात तेव्हा अमोनिया मातीत राहतो आणि तो एकुलता एक कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. शेणखतात, पाचटात कार्बनच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्या कुजायला वेळ लागतो, म्हणून कर्ब टिकतो. पाचट जाळू नका एवढं यावरून नक्की सांगते.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन पाठ करता करता रडकुंडीला आलाय. काही युक्ती आहे का? (सांगलीहून एक आई)

उत्तर: त्याला सांगा, पहिली चारच पाठ कर, पुढची तुला आधीच येतात. पाच कार्बनचा पेन्टेन, पेन्ट म्हणजे पंच. सहाचा हेक्सेन, षट्. सातचा हेप्टेन, सप्त. आठाचा ऑक्टेन, अष्ट. नऊचा नोनेन, नव. दहाचा डेकेन, दश. हे मी ओढूनताणून जुळवलेलं नाही, ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या चुलत बहिणी, आकडे तिघींचे एकाच घरातून आलेत.

पहिल्या चारांची नावं मात्र आकड्यांवरून नाहीत, ती जुन्या माहेरची आहेत. ब्युटेनमधलं ब्युट म्हणजे लोणी, बटर. लोणी खवट झालं की जो वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा, त्यात चार कार्बन, म्हणून चाराला ब्युट. प्रोप म्हणजे 'पहिली चरबी', तीन कार्बनचं आम्ल हे चरबीच्या आम्लांसारखं वागणारं सगळ्यात छोटं म्हणून. इथ आलं ईथरवरून. आणि मिथमध्ये मद्याचा ग्रीक शब्द लपलाय, मेथू, जो आपल्या मधुचा सख्खा चुलतभाऊ, कारण लाकूड तापवून त्यातून जे मद्यासारखं निघायचं ते मिथेनॉल. मेथीच्या भाजीशी काही संबंध नाही, हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

शेवट बघायचा: एन म्हणजे कार्बनच्या अणूंमध्ये सगळे एकेरी बंध (बंध म्हणजे अणू-अणूंमधली जोड), ईन म्हणजे कुठेतरी एक दुहेरी, आइन म्हणजे एक तिहेरी. इथेन, इथीन, इथाइन. मार्कांसाठी एवढं पुरे, आणि हा फरक नुसता मार्कांचा नाही ते पुढच्या प्रश्नात बघा.

प्रश्न: दर उन्हाळ्यात कार्बाइडचा आंबा खाऊ नका असं ऐकतो. पण पिकवण्याच्या खोलीत गॅस सोडून पिकवलेला चालतो म्हणे. दोन्ही केमिकलच ना? (ठाणे)

उत्तर: फळ स्वतःच एक केमिकल सोडतं, इथीन, बाजारात त्याला इथिलीन म्हणतात. दोन कार्बन, चार हायड्रोजन, मध्ये दुहेरी बंध. फळ तयार झालं की ते हा वायू सोडायला लागतं आणि त्या वायूनंच आणखी पिकायला लागतं, शेजारच्या फळालाही पिकवतं. आपली आजी पेंढ्यात आंब्याची अढी घालायची ती काय, तर हा वायू आणि ऊब कोंडून ठेवायची. पिकवण्याच्या खोलीत तोच इथिलीन बाहेरून सोडतात, दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत, याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. रेणू तोच, आंब्याला कळतसुद्धा नाही तो कुणी सोडला.

कार्बाइड म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, राखाडी खडे. त्यावर पाणी पडलं, अगदी हवेतला दमटपणा जरी लागला, तरी त्यातून असेटिलीन सुटतो, म्हणजे इथाइन, तिहेरी बंधवाला, आणि मागे चुना उरतो. ज्यांनी जुन्या जत्रा पाहिल्यात त्यांना कार्बाइडचे दिवे आठवत असतील, फळवाल्यांच्या गाडीवर भक्क पांढरे जळायचे. गॅस वेल्डिंगवाल्याच्या दुकानाबाहेर पांढरा चिखल दिसतो तो यातलाच चुना. असेटिलीन ऑक्सिजनबरोबर जाळला की ज्योत 3000 अंशाच्या वर जाते, लोखंड लोण्यासारखं कापतं.

आता हा असेटिलीन इथिलीनचा भाऊ असल्यामुळे आंब्याला थोडाफार फसवू शकतो, साल पिवळी होते पण आत गर आंबटच, कारण नक्कल अर्धवट. पण कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे ती त्या इथाइनपेक्षा जास्त खड्यांतल्या घाणीमुळे. बाजारी कार्बाइडमध्ये फॉस्फरस आणि आर्सेनिकचे अंश असतात, ओल लागली की त्यांचेही विषारी वायू निघतात, तो लसणासारखा वास येतो ना तो त्यांचा, शुद्ध असेटिलीनला तसा वास नसतो. पेटीत पुड्या ठेवणारा माणूस दिवसभर तेच हुंगतो, त्याचा कुणी विचार करत नाही.

त्यामुळे 'दोन्ही केमिकलच' हे बरोबर असलं तरी उपयोगाचं नाही. कुठलं केमिकल, किती, आणि बरोबर काय आलंय हे विचारायचं. आणि पेटी घेताना मी तरी आधी देठाशी नाक लावते, हापूस पिकलाय आणि वास नाही असं होत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला सगळी पेटी एकसारखी पिवळीधमक दिसली तर मी पुढच्या गाळ्यावर जाते, हे शास्त्र नाही, अनुभव.

प्रश्न: कार्बनसाठीच वेगळी शाखा का? सिलिकॉनलाही चार हात आहेत असं सरांनी सांगितलं, मग सिलिकॉनचं रसायनशास्त्र एवढं मोठं का नाही? (अकरावी सायन्स, नांदेड)

उत्तर: शाब्बास, प्रश्न आवडला. चार हात, म्हणजे दुसऱ्या अणूंना धरायचे चार बंध, दोघांनाही आहेत, पण कार्बन लहान आहे, त्याचे हात आखूड आणि पकड घट्ट. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलामागे साधारण 346 किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉनला सव्वादोनशेच्या आसपास. वर सिलिकॉनला ऑक्सिजनचा भारी ओढा, सायलेन म्हणजे सिलिकॉनचा मिथेन, तो हवेत आला की आपोआप पेट घेतो आणि त्याची सिलिका होते, म्हणजे वाळूच. आपला मिथेन बिचारा शेगडीत काडी लावेपर्यंत थांबतो. कार्बनच्या या स्वतःशीच साखळ्या करण्याला पुस्तकात मालिकाबंधन शक्ती म्हणतात, शब्द जड आहे पण चपखल आहे.

आणि साखळीला फाटे फुटतात तिथे खरी गंमत. चार कार्बन आणि दहा हायड्रोजन दिले तर ते दोन प्रकारे जोडता येतात, पाच कार्बनला तीन प्रकार, सहाला पाच, दहाला 75. वीस कार्बनला किती असतील अंदाज कर. 3,66,319! आणि हे नुसते एकेरी बंधवाले, ऑक्सिजन नायट्रोजन अजून आलेच नाहीत. याला समघटकता म्हणतात, सामान तेच पण जोडणी वेगळी. वर व्होलरची गोष्ट सांगितली त्यातही हेच झालं होतं, अमोनियम सायनेट आणि युरिया दोघांत अणू अगदी तेवढेच, एक नायट्रोजनही कमीजास्त नाही, फक्त कोण कुणाच्या शेजारी बसलंय ते बदललं. बर्झेलियसनं 1830 मध्ये या प्रकाराला नाव दिलं ते बहुतेक शिष्याच्या अशाच उपद्व्यापांना कंटाळून!

याहून मजेशीर म्हणजे शेजारीही तेच असताना पदार्थ वेगळा होऊ शकतो. कार्बनचे चार हात सपाट कागदावर काढतो तसे अधिक चिन्हासारखे नसतात, ते गोखरूच्या काट्यांसारखे चारी दिशांना असतात, दोन हातांत 109.5 अंशाचा कोन. 1874 मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल या दोन तरुणांनी वेगवेगळं बसून हे मांडलं. चार हातांत चार वेगळी माणसं धरली की त्या कार्बनचे दोन अवतार होतात, डाव्या उजव्या चपलेसारखे, आरशात एकमेकांसारखे पण एकावर एक बसणार नाहीत. आता स्वयंपाकघरात जा, पुदिन्याचं पान चुरगळून वास घे. मग आजीच्या डब्यातल्या बाळंतशोपा चुरडून वास घे. दोन्हीत कार्व्होन नावाचा रेणू आहे, सूत्र एक, जोडणी एक, फक्त पुदिन्यातला डावा आणि बाळंतशोपांतला उजवा. आपल्या नाकालाही डाव्या-उजव्या चपला आहेत म्हणून ते ओळखतं. मी हे पहिल्यांदा वर्गात करून दाखवलं तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं, मॅडम मग आरशातल्या माणसाला पुदिना बाळंतशोपासारखा लागत असेल का. मी अजून त्या प्रश्नावर खूष आहे.

प्रश्न: विषारी दारूच्या बातम्या येतात. दारू ती दारू, त्यात वेगळं विष कुठून येतं? (नाव नको म्हणाले)

उत्तर: एका कार्बनच्या फरकातून. पिण्यातलं असतं ते इथेनॉल, दोन कार्बनवालं, उसाच्या मळीपासून आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत बनतं, पेट्रोलमध्ये मिसळतात तेही हेच. मिथेनॉल एका कार्बनचं, कारखान्यांत सॉल्व्हंट म्हणून लागतं, दिसायला वासाला जवळपास तसंच. चोरटी दारू करणारे ते मिसळतात. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराच्या वर माणसं गेली ती यानंच.

यकृतात एक एन्झाइम आहे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ते या दोन्ही अल्कोहोलांवर काम करतं. इथेनॉलचं पुढे असेटिक आम्ल होतं, व्हिनेगरमधलं, ते शरीर पचवून टाकतं. मिथेनॉलचं आधी फॉर्मलडिहाइड होतं आणि मग फॉर्मिक आम्ल, मुंगीचं आम्ल, ते लवकर निघत नाही, साचतं, आणि डोळ्याच्या नसेवर जातं. म्हणून वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी जाते. दवाखान्यात त्या एन्झाइमला अडवून धरणारं औषध देतात, कधी शुद्ध इथेनॉलच देतात म्हणजे एन्झाइम त्यातच गुंतून राहतं, पण हे डॉक्टरांनी रक्त तपासून करायचं काम आहे. घरी कुणी 'उतारा' म्हणून आणखी पाजू नये, धूसर दिसायला लागलं की सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं, उद्या बघू करायचं नाही.

प्रश्न: डांबर गोळ्या आणि कापूर, दोन्ही हवेत उडून जातात. एकच पदार्थ आहे का? आणि भीमसेनी कापूर खरंच वेगळा असतो का?

उत्तर: एक नाही. डांबर गोळी हे नाव मात्र आपल्या लोकांनी अगदी बरोबर ठेवलंय, नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातूनच काढायचे. बेंझीनची सहा कार्बनची दोन कडी एक बाजू वाटून घेऊन शेजारी बसलीत, दहा कार्बन, आठ हायड्रोजन. कापरातही कार्बन दहाच, पण हायड्रोजन 16 आणि एक ऑक्सिजन, रचना निराळीच. दोघंही न वितळता थेट वाफ होतात एवढंच साम्य. बाळाच्या कपड्यांत डांबर गोळ्या घालू नका, काही बाळांना जन्मतः एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वासानं फुटतात, हे गंभीर आहे. आणि कापूर देव्हाऱ्यात वर ठेवा, मुलानं गिळला तर झटके येतात.

आता भीमसेनीबद्दल, जो झाडातून काढलेला असं सांगून विकतात. मी वर सगळीकडे सांगत आलेय की रेणू कुठून आला हे बघू नका, पण इथे माझंच म्हणणं थोडं कापून घेते. कापराच्या झाडातला कापूर एकाच अवताराचा असतो, वरच्या चपलांच्या गोष्टीतला सगळा उजवा. कारखान्यात टर्पेंटाइनपासून करतात त्यात सहसा डावा आणि उजवा निम्मे निम्मे. म्हणजे प्रयोगशाळेत फरक ओळखता येतो. पण 'भीमसेनी' लिहिलेल्या डबीत झाडाचाच असेल याची खात्री मी देणार नाही.

प्रश्न: गॅस सिलिंडर लीक झाल्यावर येतो तो वास गॅसचाच का?

उत्तर: नाही. आतल्या प्रोपेन-ब्युटेनला वासच नसतो, म्हणून मुद्दाम इथाइल मरकॅप्टन घालतात. वरच्या इथेनॉलमधला ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवा, झालं हे तयार, आणि अब्जात एखादा भाग असला तरी नाक वाकडं होतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत साचतो, त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं उघडायची, रेग्युलेटर बंद करायचा, आणि दिवा पंखा काहीच लावायचा नाही, बंदसुद्धा करायचा नाही. पाइपचा गॅस मिथेन, तो हलका, वर जातो.

प्रश्न: शिसपेन्सिलीत शिसं असतं का? माझ्या पेन्सिलीवर एचबी लिहिलंय. (तिसरी क, कोल्हापूर)

उत्तर: नसतं रे बाळा. मोठ्या माणसांनी फार पूर्वी त्या काळ्या दगडाला चुकून शिसं म्हटलं आणि नाव तेच चिकटलं. आत असतो ग्राफाइट, म्हणजे नुसता कार्बन, पानांसारख्या थरांचा, आणि लिहिताना त्याची वरची पानं निसटून कागदावर बसतात. त्यात चिकणमाती घालून भाजतात, माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ आणि काळीभोर. एचबी म्हणजे या दोन्हींच्या मधली. चित्रासाठी सहा बी मागून घे आईकडे, पण तासताना टोक सांभाळ, फार मोडतं.